घटक ६ : सार्वजनिक सुरक्षा, फौजदारी न्याय आणि स्थानिक शासन यांतील समन्वय (विशेष संदर्भ : खारघर)

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
● सार्वजनिक सुरक्षेसंबंधीचे अधिकार राज्य शासन व स्थानिक संस्था यांच्यात कसे वाटले गेले आहेत, हे सांगता येईल.
● खारघरसारख्या नव्या वसाहतीत यंत्रणांच्या हद्दी एकमेकींशी का जुळत नाहीत, हे स्पष्ट करता येईल.
● समन्वय कोठे साधतो आणि कोठे तुटतो, हे प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे तपासता येईल.
● आपल्या परिसरातील एखाद्या सुरक्षा-प्रश्नाचे ‘जबाबदारीपत्रक’ तयार करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, रात्री उशिरा रेल्वे स्थानकातून बाहेर पडलेल्या प्रवाशाला घरापर्यंतची वाट सुरक्षित वाटावी, ही अपेक्षा अगदी साधी आहे. ती पूर्ण करण्यासाठी मात्र अनेक कार्यालयांना काम करावे लागते. फलाटावरील गुन्ह्याचा तपास रेल्वे पोलीस करतात. स्थानकाबाहेर शहर पोलिसांची हद्द सुरू होते. रस्त्यावरचा दिवा महानगरपालिकेचा, महामार्गालगतचा पट्टा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तर कोपऱ्यावरील मद्यविक्रीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीतील असतो. गुन्हा घडलाच, तर पुढे अभियोक्ता, न्यायालय आणि कारागृह यांचा संबंध येतो.

यांपैकी कोणतेही एक कार्यालय दुसऱ्याचे वरिष्ठ नाही. म्हणूनच ‘समन्वय’ हा शब्द शासकीय कागदपत्रांत वारंवार येतो. बैठक घेतली म्हणजे समन्वय झाला, असे मात्र नाही. कोणते काम कोणाचे, ते कधीपर्यंत व्हावयाचे आणि धोका दिसताच ‘थांबा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असणे म्हणजे समन्वय होय. या घटकात हे सूत्र आपण खारघरच्या संदर्भात पडताळून पाहणार आहोत.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ अधिकारांची घटनात्मक वाटणी

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीमध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, तुरुंग आणि स्थानिक शासन हे चारही विषय आहेत. फौजदारी कायदा व फौजदारी प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय तीत दिलेले आहेत. अग्निशमन सेवा, रस्ते व पूल, पथदिवे, वाहनतळ, बसथांबे, सार्वजनिक सोयी, उद्याने आणि मैदाने यांचा त्यांत समावेश आहे. पोलीस हा विषय त्यांत नाही.

या वाटणीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गुन्हा घडल्यानंतरची बळाची व शिक्षेची साधने राज्याकडे आहेत. गुन्हा वा अपघात घडू नये यासाठी लागणारी पुष्कळशी साधने, म्हणजे प्रकाश, रस्ता, पदपथ, मोकळी जागा व अग्निसुरक्षा, स्थानिक संस्थेकडे आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे व अग्निशमन दल राखणे ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. मात्र महापौरांना वा महापालिका आयुक्तांना पोलीस ठाण्यास आदेश देता येत नाही. त्याचप्रमाणे पोलीस निरीक्षकाला महापालिकेच्या विद्युत विभागाला पत्र लिहिता येते, पण काम करण्यास भाग पाडता येत नाही.

६.३.२ खारघर : एक वसाहत, अनेक हद्दी

खारघर हा नवी मुंबईच्या दक्षिण भागातील एक प्रमुख नोड. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्याचे नियोजन केले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल हे नोड व परिसरातील गावे तिच्या क्षेत्रात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका होय. त्यानंतर सिडकोकडील नागरी सेवा टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे आल्या. या संक्रमणकाळात, मालमत्ता कर महापालिकेला द्यायचा आणि सेवा शुल्क सिडकोलाही भरायचे काय, या प्रश्नावरून नागरिकांत मोठा असंतोष निर्माण झाला. दिवा बंद असल्याची तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्नही त्याच संक्रमणाचा भाग होता.

आता कार्यालयांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहू. महानगरपालिकेचे मुख्यालय पनवेलला आहे. पोलीस व्यवस्था १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे असून त्याचे मुख्यालय सीबीडी बेलापूर येथे, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आहे. सिडकोचे मुख्यालयही तेथेच आहे. जिल्हाधिकारी व जिल्हा न्यायालय मात्र अलिबागला आहे. एकच पोलीस आयुक्तालय नवी मुंबई व पनवेल या दोन महानगरपालिकांच्या क्षेत्रांत आणि दोन महसुली जिल्ह्यांत काम करते. म्हणजेच जिल्हा, महानगरपालिका आणि पोलीस आयुक्तालय या तिन्हींच्या सीमा येथे भिन्न आहेत.

हद्दी न जुळणे हा कोणाचा दोष नाही. प्रत्येक हद्द तिच्या काळी वेगळ्या प्रयोजनाने आखली गेली. परंतु याचा परिणाम असा होतो, की खारघरच्या सुरक्षेचा समग्र विचार करणे ही एकट्या कोणत्याही अधिकाऱ्याची जबाबदारी ठरत नाही.

६.३.३ पथदिव्यापासून पुराव्यापर्यंत

समन्वयाचा विचार करताना केवळ प्रतिबंधक उपायांपाशी थांबून चालत नाही. स्थानिक संस्थेचे काम फौजदारी न्यायप्रक्रियेत कसे पोहोचते, याचे सीसीटीव्ही कॅमेरा हे उत्तम उदाहरण आहे. चौकातील कॅमेरा अनेकदा नागरी संस्थेच्या निधीतून बसतो, देखभाल कंत्राटदार करतो आणि चित्रण पोलीस पाहतात. गुन्ह्याच्या खटल्यात ते चित्रण पुरावा म्हणून सादर करावयाचे असेल, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आवश्यक असते. ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्या व्यक्तीला आणि तज्ज्ञाला त्यावर स्वाक्षरी करावी लागते.

येथे काही प्रश्न उभे राहतात. चित्रण किती दिवस साठवावयाचे? कंत्राट संपल्यावर प्रमाणपत्र कोण देणार? कॅमेरा बंद असल्याची नोंद कोण ठेवणार? खरेदीच्या निविदेतच यांची उत्तरे लिहिलेली नसतील, तर लाखो रुपयांची यंत्रणा उभी राहूनही न्यायालयात तिचा उपयोग होईलच असे नाही. पोलीस, अभियोक्ता आणि महापालिकेचा विद्युत विभाग यांनी निविदा निघण्यापूर्वी एकत्र बसणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

हद्दीच्या प्रश्नावर कायद्याने काढलेला एक मार्गही येथे लक्षात घ्यावा. फलाटावर मोबाईल हिसकावला गेला आणि तक्रारदार खारघर पोलीस ठाण्यात पोहोचला, तर ‘ही आमची हद्द नव्हे’ असे सांगून त्याला परत पाठविता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडला असला तरी, नोंदवून घ्यावी लागते. तिलाच व्यवहारात ‘शून्य क्रमांकाची फिर्याद’ म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. हद्द जुळविण्याचे ओझे नागरिकाच्या खांद्यावरून काढून यंत्रणेवर ठेवणे, हे या तरतुदीचे मर्म आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.
१) बाराव्या अनुसूचीत ............ हा विषय नाही. (अग्निशमन सेवा / पथदिवे / पोलीस)
२) पनवेल महानगरपालिकेची स्थापना ............ मध्ये झाली. (१९७० / १९९४ / २०१६)
ब) शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगा.

६.३.४ पांडवकडा : मनाई आदेश आणि त्याची अंमलबजावणी

खारघरच्या डोंगरातील पांडवकडा धबधबा पावसाळ्यात पर्यटकांना आकर्षित करतो. येथे बुडून मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिसरात आलेल्या चार विद्यार्थिनी पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या. डोंगरात पाऊस पडला की खालच्या ओढ्याचे पाणी अल्पावधीत वाढते. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही.

धबधब्याचे क्षेत्र वनविभागाचे आहे. पावसाळ्यात प्रवेशबंदी जाहीर होते व पोलीसही मनाई आदेश काढतात. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेशाचा भंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खालील गुन्हा ठरतो. कोणी अडकले वा वाहून गेले, तर अग्निशमन दल शोधकार्य करते.

कायदा, आदेश व शिक्षा अशी सर्व सामग्री येथे उपलब्ध आहे. तरीही मनाई आदेश हा कागद असतो. डोंगराच्या वाटा मात्र अनेक असतात. मुख्य वाटेवर बंदोबस्त असला, तरी आडवाटेने जाणारे गट थांबतातच असे नाही. शनिवारी-रविवारी मनुष्यबळ वाढविणे, महापालिकेने रस्त्याच्या तोंडाशी अडथळे व फलक लावणे, हवामान खात्याचा इशारा मिळताच वनरक्षक व पोलीस ठाणे यांनी एकमेकांना कळविणे आणि रेल्वे स्थानकावर उद्घोषणा करणे, ही सर्व छोटी कामे आहेत. त्यांपैकी प्रत्येक काम वेगळ्या कार्यालयाचे आहे. ती एकाच सकाळी व्हावयाची असतील, तर त्यांची सूची पावसाळ्यापूर्वी तयार असावी लागते. दुर्घटनेनंतर गुन्हा नोंदवून गेलेले आयुष्य परत येत नाही.

६.३.५ १६ एप्रिल २०२३ : ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

या दिवशी खारघरमधील विस्तीर्ण मैदानावर राज्य शासनाच्या वतीने ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान करण्यात आला. सोहळ्यास लाखोंचा जनसमुदाय उपस्थित होता. बहुसंख्य लोक उघड्यावर, भर उन्हात बसले होते. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस होते. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीराचे तापमान उतरत नाही, त्यामुळे असे ऊन अधिक घातक ठरते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला व अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने तत्कालीन अपर मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर शासकीय कार्यक्रम घेऊ नयेत, अशी भूमिकाही शासनाने जाहीर केली.

ही घटना अभ्यासताना कोणा एकावर ठपका ठेवणे, हा या घटकाचा हेतू नाही. आपला प्रश्न प्रशासकीय आहे. पोलीस बंदोबस्त, वैद्यकीय पथके आणि रुग्णवाहिका यांची व्यवस्था तेथे होती. ही सर्व तयारी कार्यक्रम होणार हे गृहीत धरून केलेली असते. वेळ बदलावी, छाया नसेल तर संख्या मर्यादित ठेवावी किंवा कार्यक्रमच पुढे ढकलावा, असा निर्णय घेणारा अधिकारी आधी ठरलेला असला पाहिजे. आयोजक स्वतः शासन असेल, तर ही गरज अधिकच वाढते. कारण परवानगी मागणारा व देणारा हे एकाच व्यवस्थेचे भाग असतात. अशा वेळी कनिष्ठ अधिकाऱ्याने नकार द्यावा, अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नसते.

यावर उपाय म्हणजे निर्णय व्यक्तीवर न सोडता तो निकषांशी जोडणे. अहमदाबाद महानगरपालिकेने मे २०१० मधील तीव्र उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. तापमानाचा अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की आरोग्य विभागाने, रुग्णालयांनी व अन्य विभागांनी काय करावयाचे, हे त्यात आधीच लिहिलेले आहे. आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पारा हाच आदेश ठरतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी, महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली, स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची मुभा राज्यांना मिळाली. खारघरसारख्या, जिल्हा मुख्यालयापासून दूर असलेल्या दाट वस्तीसाठी ही तरतूद विशेष उपयुक्त ठरू शकते.

६.३.६ कारागृह : समन्वयाचे न दिसणारे टोक

तळोजा मध्यवर्ती कारागृह खारघर परिसरातच आहे. मुंबई, ठाणे, रायगड या भागांतील न्यायालयांत खटले चालू असलेले बंदी येथे ठेवले जातात. अशा बंद्याची सुनावणी होण्यासाठी न्यायालयाची तारीख, कारागृहाची नोंद व पोलिसांचे सुरक्षापथक हे तिन्ही जुळावे लागतात. बंदोबस्ताच्या दिवशी सुरक्षापथक उपलब्ध झाले नाही, तर तारीख पुढे जाते. दोष सिद्ध न झालेली व्यक्ती आणखी काही आठवडे कोठडीत राहते व फिर्यादीलाही न्यायासाठी थांबावे लागते. म्हणजे एका ठिकाणच्या बंदोबस्ताची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजली जाते. दूरदृश्य प्रणालीमुळे हा भार काही प्रमाणात हलका झाला आहे.

येथे समन्वयाची औपचारिक रचना आढळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ मधील निर्देशांनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंदी आढावा समित्या काम करतात. जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिचे सदस्य असतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या न्यायाधीन बंद्यास जामिनावर मुक्त करावयाचे असते. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीसाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळविण्याचे काम कारागृह अधीक्षकावर सोपविलेले आहे. काम, मुदत व जबाबदार अधिकारी हे तिन्ही घटक या तरतुदीत स्पष्ट आहेत, हे ध्यानात घ्या.

६.३.७ समन्वयाचे काही प्रयोग

१) भिवंडीच्या मोहल्ला समित्या : १९७० व १९८४ च्या दंगलींनी भिवंडी होरपळली होती. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी व स्थानिक पोलीस नियमितपणे एकत्र बसत आणि रोजच्या लहानसहान तक्रारींचाही विचार करीत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. संकटाच्या दिवशी उपयोगी पडलेला विश्वास संकट नसलेल्या दिवसांत कमावलेला होता.

२) महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम : १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात ही मोहीम सुरू झाली. ग्रामसभा, पोलीस व महसूल यंत्रणा यांना तिने एकत्र आणले. शहरांत ग्रामसभा नसल्यामुळे तिचे थेट अनुकरण शक्य नाही. प्रभाग समिती हे त्यातल्या त्यात जवळचे व्यासपीठ होय.

३) ब्रिटनमधील कायदेशीर कर्तव्य : तेथील १९९८ च्या गुन्हे व अव्यवस्था प्रतिबंध कायद्याने स्थानिक परिषद व पोलीस यांना एकत्रितपणे स्थानिक गुन्ह्यांचा आढावा घेऊन धोरण आखणे बंधनकारक केले. कोणताही निर्णय घेताना त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल, याचा विचार करणे हेही परिषदेचे कर्तव्य ठरले. आपल्याकडे असे सर्वसाधारण कर्तव्य नसले, तरी विशिष्ट विषयांपुरत्या संयुक्त समित्या आहेत. उदाहरणार्थ, २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नेमल्या जाणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत महापालिका आयुक्त, पोलीस व पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात.

६.३.८ समन्वय तपासण्याचे निकष

वरील विवेचनातून चार निकष हाती येतात. पहिला, प्रत्येक कामापुढे एकाच कार्यालयाचे नाव असावे. ‘संबंधित विभाग’ असे मोघम शब्द असू नयेत. दुसरा, कामाला मुदत असावी व पुढील बैठकीत प्रथम तिचाच हिशेब व्हावा. तिसरा, धोक्याच्या वेळी काम थांबविण्याचा अधिकार निकषांसह आधी लिहून ठेवावा. चौथा, इतिवृत्त नागरिकांना पाहावयास मिळावे. शेवटचा निकष सर्वांत स्वस्त असूनही बहुधा दुर्लक्षित राहतो. वास्तविक माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनेक प्रकारची माहिती मागणीवाचून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे.

६.४ सारांश

पोलीस, तुरुंग व सुव्यवस्था हे राज्याचे विषय असून रस्ते, दिवे, मैदाने व अग्निशमन यांची जबाबदारी स्थानिक संस्थेकडे असते. खारघरमध्ये जिल्हा, महानगरपालिका व पोलीस आयुक्तालय यांच्या सीमा जुळत नाहीत. पांडवकड्याच्या उदाहरणातून आदेश व अंमल यांतील अंतर दिसते. १६ एप्रिल २०२३ च्या दुर्घटनेतून थांबविण्याचा अधिकार पूर्वनिश्चित असण्याची गरज कळते. तळोजा कारागृहाच्या उदाहरणातून समन्वयाचा संबंध व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी आहे, हे ध्यानात येते. सदिच्छेवर विसंबलेला समन्वय अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर संपतो. लिखित जबाबदारीवर उभा असलेला समन्वय टिकतो.

६.५ पारिभाषिक शब्द

न्यायाधीन बंदी : खटल्याचा निकाल लागलेला नसताना कोठडीत असलेली व्यक्ती.
मनाई आदेश : ठरावीक क्षेत्रात ठरावीक काळापुरती एखादी कृती करण्यास बंदी घालणारा आदेश.
दखलपात्र गुन्हा : ज्यात पोलीस अधिपत्राशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा.
इतिवृत्त : बैठकीतील चर्चा व निर्णय यांची अधिकृत नोंद.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १) पोलीस २) २०१६
ब) गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला असतानाही नोंदवून घेतली जाणारी फिर्याद म्हणजे शून्य क्रमांकाची फिर्याद. ती नंतर योग्य त्या ठाण्याकडे वर्ग केली जाते.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘स्थानिक संस्थेकडे पोलीस नसले, तरी गुन्हे प्रतिबंधाची साधने आहेत.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) भिवंडीच्या मोहल्ला समित्या व अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील एक असुरक्षित जागा निवडा. उदाहरणार्थ, अंधारा रस्ता, उघडा नाला किंवा गर्दीचा चौक. तेथील प्रत्येक कामासाठी काम, जबाबदार कार्यालय, मुदत व सद्यःस्थिती असे चार रकाने असलेले जबाबदारीपत्रक तयार करा. जो रकाना भरता येणार नाही तो रिकामा ठेवा आणि तो का रिकामा राहिला, हे १५० शब्दांत लिहा.